व्यावसायिक माइक आणि घरगुती रेकॉर्डर : जोडणी करण्यापूर्वी

पुण्यात ध्वनिमुद्रण आता केवळ स्टुडिओतल्या मंडळींचे काम राहिलेले नाही. एकांकिका स्पर्धेची रंगीत तालीम असो, १८७५ पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या धर्तीवर एखाद्या मंडळाने ठेवलेले व्याख्यान असो किंवा सोसायटीच्या गच्चीवरची कोजागरीची मैफल असो, मोबाइल, कॅमेरा किंवा लॅपटॉप घेऊन बसलेला एखादा हौशी कार्यकर्ता तेथे असतोच, आणि भाड्याने आणलेला अथवा सभागृहाचाच एखादा उत्तम माइकही त्याच्या हाताशी असतो. माइकच्या बुडाशी तीन पिनांचा एक्सएलआर जोड असतो, तर कॅमेऱ्याला साडेतीन मिलिमीटरचे लहानसे छिद्र. ही दोन टोके एकत्र आणणारा कन्व्हर्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. तो दोन्हीकडे व्यवस्थित बसतो, आवाजही येतो, आणि म्हणून बहुतेकांना वाटते की काम झाले. काही जोडण्यांत ते खरोखरच होते. काहींत मात्र मुद्रण पोकळ येते, काहींत फाटते, आणि थोड्या जोडण्या अशा असतात की त्यांत कॅमेऱ्याचा किंवा लॅपटॉपचा ऑडिओचा भागच निकामी होतो. यांतली कोणती जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हे प्लगच्या आकारावरून कळत नाही. त्यासाठी दरवेळी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो : या तारेतून कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला किती व्होल्ट जाणार आहेत?

माइकमधून येते तरी किती

व्याख्यानाच्या पोडियमवर आणि गायकाच्या हातात हमखास दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक उदाहरणादाखल घेऊ. हा डायनॅमिक जातीचा माइक आहे, म्हणजे आवाजाने पातळ पडदा हलतो, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात पुढेमागे होते आणि त्यातून वीज निर्माण होते. त्याला बाहेरून कोणताही पुरवठा लागत नाही. ९४ डेसिबलचा आवाज, म्हणजे तोंड माइकच्या जवळ आणून चांगल्या खणखणीत स्वरात बोलल्यावर पोहोचणारी पातळी, या माइकमधून अवघे १.८५ मिलिव्होल्ट निर्माण करते. याउलट व्यावसायिक मिक्सरच्या, म्हणजे अनेक माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, लाइन आउट सॉकेटमधून येणारी प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट असते, म्हणजे माइकच्या साधारण ६६० पट. घरगुती टेपडेक, डीव्हीडी प्लेअर यांच्या लाइन आउटची प्रमाण पातळी या दोहोंच्या मध्ये, सुमारे ०.३२ व्होल्ट आहे.

हे तीन आकडे लक्षात ठेवले की बाजारातल्या निम्म्या गोंधळाचा उलगडा होतो. कॅमेऱ्याचे साडेतीन मिलिमीटरचे माइक-छिद्र काही मिलिव्होल्टांसाठी बनवलेले असते. त्यात मिक्सरची लाइन आउट सरळ खुपसली तर प्रवर्धक (अॅम्प्लिफायर) तिथल्या तिथे तुंबतो आणि वाक्याच्या प्रत्येक जोरकस अक्षरावर आवाज फाटतो. पुढे संगणकावर आवाजाची पातळी कितीही खाली आणली तरी फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, कारण लहरीचा वरचा-खालचा भाग मुद्रणाच्या क्षणीच कापला गेलेला असतो. उलट प्रकारात, म्हणजे माइक लाइन इन छिद्रात जोडला, तर काही बिघडत नाही, फक्त आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही आणि तो वाढवू गेल्यास सोबत खरखर वाढते.

तीन पिना कशासाठी

एक्सएलआरच्या तीन पिनांपैकी पहिली जमिनीची (ग्राउंडची), म्हणजे केबलच्या जाळीला जोडलेली असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर माइकचा संकेत असतो, पण एकमेकांच्या उलट दिशेने : दुसरीवर तो वर जातो तेव्हा तिसरीवर खाली जातो. वाटेत पंख्याच्या रेग्युलेटरने, डिमरने किंवा ट्यूबच्या चोकने जो उपद्रव तारेत शिरतो तो मात्र दोन्ही तारांत जवळपास सारखाच शिरतो. मिक्सर या दोन तारांतला फरक तेवढा घेतो, त्यामुळे उपद्रवाची वजाबाकी होते आणि माइकचा संकेत शाबूत राहतो. या पद्धतीला बॅलन्स्ड म्हणतात. रंगमंचापासून मागच्या ध्वनिकक्षापर्यंत पन्नास मीटरची केबल अंथरली तरी मिलिव्होल्टांतला आवाज स्वच्छ पोहोचतो तो या वजाबाकीमुळे.

कॅमेऱ्याच्या छिद्रात ही सोय नसते. तिथे बसणाऱ्या प्लगवर डाव्या वाहिनीसाठी (चॅनेलसाठी) टोक, उजव्या वाहिनीसाठी मधले कडे आणि जमिनीसाठी मागचा भाग असतो. वरवर पाहता इकडे तीन आणि तिकडेही तीन, म्हणून काही तयार केबलांत एक्सएलआरची दुसरी पिन टोकाला आणि तिसरी पिन कड्याला जोडून दिलेली असते. सर्वांत जास्त मुद्रणे ज्या चुकीने वाया जातात ती ही चूक आहे, म्हणून ती जरा जवळून पाहू.

अशा केबलने मुद्रण केले की डाव्या वाहिनीत आवाज सरळ जातो आणि उजव्या वाहिनीत तोच आवाज उलटा जातो. कॅमेऱ्यावर दोन्ही मीटर अगदी सारखे हलतात, त्यामुळे मुद्रण करणाऱ्याला शंका येत नाही. हेडफोन लावला तर आवाज येतो, फक्त बोलणारा डोक्याच्या मध्यभागी न भासता दोन्ही कानांच्या बाहेर कुठेतरी पसरल्यासारखा वाटतो. हे लक्षण ओळखायला शिकावे. पुढे ती चित्रफीत कोणी मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावते तेव्हा दोन्ही वाहिन्यांची बेरीज होते आणि सरळ अधिक उलट मिळून उत्तर जवळजवळ शून्य येते. वक्त्याचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द ऐकू येत नाहीत. सुदैवाने हे दुरुस्त करता येते : संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वाहिनी उलटवावी, किंवा एक वाहिनी सरळ काढून टाकून दुसरीच दोन्हीकडे वापरावी.

छोट्या छिद्रासाठी योग्य केबलमध्ये एक्सएलआरची दुसरी पिन टोक आणि कडे या दोहोंना एकत्र जोडलेली असते, आणि तिसरी व पहिली पिन एकत्र करून जमिनीला. यात दोन्ही वाहिन्यांत एकच, सरळ आवाज जातो. वजाबाकीची सोय अर्थातच येथे संपते, म्हणून ही जोडकेबल एखाद्या मीटरपेक्षा लांब ठेवू नये. लांबचे अंतर बॅलन्स्ड केबलनेच कापावे आणि रूपांतर कॅमेऱ्याच्या अगदी जवळ करावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे या जागी लहानसा ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टर वापरणे. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांत विजेचा थेट संबंध नसतो, केवळ चुंबकीय असतो, त्यामुळे वजाबाकी शेवटपर्यंत टिकते. त्याचा दुसरा आणि कदाचित अधिक मोलाचा फायदा पुढे येईलच.

४८ व्होल्टांचा प्रश्न

कंडेन्सर माइकच्या पोटात इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि त्याला वीज लागते. पूर्वी त्यासाठी वेगळी पेटी आणि वेगळी केबल बाळगावी लागे. १९६६ साली नॉयमन या जर्मन कंपनीने नॉर्वेच्या सार्वजनिक नभोवाणीसाठी ट्रान्झिस्टरवर चालणारा माइक आणला. त्या नभोवाणीच्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टांचा पुरवठा आधीच उपलब्ध होता, म्हणून माइकसाठीही तोच वापरायचे ठरले आणि तोच आकडा पुढे जगभर प्रमाण झाला. आज मिक्सरवरचे ‘फॅन्टम’ किंवा ‘४८ व्होल्ट’ असे लिहिलेले बटण दाबले की दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर, प्रत्येकी ६.८ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून, ४८ व्होल्ट चढतात.

डायनॅमिक माइकला हा पुरवठा लागत नाही, पण नीट केबलने जोडल्यास त्याचे काही बिघडतही नाही. कारण वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखेच व्होल्ट असतात, दोन टोकांत फरक नसतो आणि म्हणून वेटोळ्यातून वीज वाहत नाही. येथे ‘नीट केबलने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वर सांगितलेल्या पद्धतीने तिसरी पिन जमिनीला जोडलेली केबल चुकून फॅन्टम सुरू असलेल्या मिक्सरमध्ये लावली, तर वेटोळ्याचे एक टोक ४८ व्होल्टांकडे आणि दुसरे जमिनीकडे जाते आणि त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहू लागतो. दणकट डायनॅमिक माइक हे बहुधा सोसतो. रिबन जातीच्या माइकमध्ये मात्र काही मायक्रॉन जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी टांगलेली असते, आणि असा धक्का तिला ताणून कायमची निरुपयोगी करू शकतो. जुने रिबन माइक संग्रही असलेल्यांनी केबलची तपासणी केल्याशिवाय फॅन्टमच्या जवळपासही जाऊ नये.

घरगुती यंत्रांचे नुकसान बहुतेक वेळा याच ४८ व्होल्टांमुळे होते, आणि ते माइक जोडताना होत नाही. ते मिक्सर जोडताना होते. दोन प्रसंग नेहमी घडण्यासारखे आहेत. पहिला असा : नृत्याच्या कार्यक्रमात लॅपटॉपवरचे संगीत वाजवायचे असते, मिक्सरवर मोकळे एवढे माइकचेच सॉकेट उरलेले असते, आणि कोणीतरी हेडफोनच्या छिद्रातून एक्सएलआरमध्ये जाणारी तयार केबल काढते. शेजारच्या कंडेन्सर माइकसाठी फॅन्टम सुरूच असतो, आणि लहान मिक्सरांवर ते एकच बटण सगळ्या वाहिन्यांना लागू असते. मग ४८ व्होल्ट त्या केबलमधून उलटे लॅपटॉपच्या हेडफोन मंडलात जातात. हे मंडल स्वतः मोजक्या व्होल्टांवर चालते, आणि त्यात कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे सुटे भाग, असलेच तर तेही त्याच बेताचे असतात. जोडताना आणि काढताना मिक्सरच्या आत साठलेला भार एकदम सुटतो तो आणखी वेगळा. कधी काही होत नाही, कधी एक कान गप्प होतो आणि कधी लॅपटॉपचा आवाज कायमचा जातो.

दुसरा प्रसंग कॅमेऱ्याचा आहे. वक्त्यापुढे एकच माइक आहे, तो सभागृहाच्या मिक्सरलाही हवा आहे आणि आपल्या कॅमेऱ्यालाही, म्हणून वाय आकाराची केबल लावून एका फाट्यावर मिक्सर आणि दुसऱ्यावर कॅमेरा जोडला जातो. मिक्सरवाल्याने फॅन्टम सुरू केला की तोच पुरवठा वायच्या दुसऱ्या फाट्यातून थेट कॅमेऱ्याच्या माइक-छिद्रात पोहोचतो. साध्या वाय केबलला कोणता फाटा कोणाचा हे कळत नाही. अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मर असलेला माइक-स्प्लिटरच वापरावा, कारण थेट वीज, म्हणजे डीसी, ट्रान्सफॉर्मर ओलांडू शकत नाही. त्याच कारणाने लॅपटॉपच्या प्रसंगात मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे अशा यंत्राचा आवाज मिक्सरच्या माइक-सॉकेटला जुळवून देणारी छोटी पेटी, लावला की प्रश्न मिटतो. साउंडवाल्यांकडे डीआय असतोच, तो मागून घ्यावा. मागायला संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही, कारण तो पुरवणे हा त्यांच्या कामाचाच भाग आहे.

एखाद्या सॉकेटवर फॅन्टम आहे की नाही याची खात्री दिव्यावर विसंबून करू नये. मल्टीमीटर डीसी व्होल्टच्या २०० च्या पट्ट्यावर ठेवावा, काळे टोक पहिल्या पिनेला आणि लाल टोक आधी दुसऱ्या, मग तिसऱ्या पिनेला लावावे. दोन्हीकडे ४४ ते ५२ च्या दरम्यान आकडा दिसला तर पुरवठा ठीक आहे. एकीकडे आकडा आणि दुसरीकडे शून्य आले, तर ती केबल किंवा ते सॉकेट सदोष आहे, आणि तिथे कोणताही माइक लावू नये.

कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा पुरवठा

घरगुती यंत्रांचा स्वतःचाही एक पुरवठा असतो. शर्टाच्या कॉलरला लावायचे छोटे माइक इलेक्ट्रेट जातीचे असतात. बेल लॅबोरेटरीजमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ साली हा प्रकार सिद्ध केला. त्याच्या पडद्यावरचा विद्युतभार कायमचा असतो, पण आतल्या इवल्याशा ट्रान्झिस्टरला थोडी वीज लागते. म्हणून कॅमेरे आणि रेकॉर्डर आपल्या माइक-छिद्रावर दीड ते पाच व्होल्टांच्या आसपासचा पुरवठा चढवून ठेवतात. याला प्लग-इन पॉवर म्हणतात. फॅन्टमशी त्याचा काही संबंध नाही, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. मोठा कंडेन्सर माइक साध्या कन्व्हर्टरने कॅमेऱ्याला जोडून ‘हा माइक बंद पडला आहे’ असे ठरवणारे बरेच जण भेटतात. माइक ठणठणीत असतो, त्याला त्याचे ४८ व्होल्ट मिळालेले नसतात इतकेच.

डायनॅमिक माइक अशा छिद्राला साध्या केबलने जोडला तर त्याच्या वेटोळ्यातून साधारण एखादा मिलिअँपिअर सतत वाहत राहतो. त्याने माइक जळत नाही, पण पडदा आपल्या विश्रांतीच्या जागेवरून किंचित सरकतो आणि प्लग थोडा जरी हलला तरी मुद्रणात मोठा कडकडाट येतो. कॅमेऱ्याच्या मेनूत प्लग-इन पॉवर बंद करण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर केबलमध्येच, दुसऱ्या पिनेच्या तारेवर, १० मायक्रोफॅरॅडचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर घालावा, त्याचे धन टोक कॅमेऱ्याच्या दिशेने ठेवून. तो डीसी अडवतो आणि आवाजाला जाऊ देतो. एक्सएलआर प्लगच्या धातूच्या कवचात तो सहज मावतो.

साडेतीन मिलिमीटरचे छिद्र असलेल्या मोबाइलचे गणित आणखी वेगळे आहे. त्याच्या छिद्रात चार कडी असतात : डावा कान, उजवा कान, जमीन आणि शेवटी मागच्या भागावर माइक. काही जुन्या हँडसेटांत शेवटच्या दोहोंची अदलाबदल केलेली असते. हेडसेटचा माइक आणि हेडसेटवरची बटणे एकाच तारेवर असल्याने काय जोडले आहे हे मोबाइल रोध (रेझिस्टन्स) मोजून ठरवतो. अँड्रॉइडच्या हेडसेट-नियमांप्रमाणे १००० ओहम किंवा अधिक रोध दिसला तर तो माइक समजायचा, ७० ओहम किंवा कमी दिसला तर कॉल घेण्याचे बटण, आणि २१० ते २९० ओहम दिसला तर आवाज वाढवण्याचे बटण. व्यावसायिक डायनॅमिक माइकचा रोध बहुधा ३०० ओहमच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. त्यामुळे तो सरळ जोडला की मोबाइलला माइक दिसतच नाही, त्याला एखादे बटण दाबून धरल्याचा भास होतो, आणि मुद्रण गुपचूप मोबाइलच्या अंगच्या माइकवरून सुरू राहते. व्यासपीठावर चांगला माइक आणि फितीत मात्र शेवटच्या रांगेतल्या खुर्च्यांची कुरकुर, असा प्रकार यातूनच घडतो. मोबाइलसाठी बनवलेल्या एक्सएलआर अडॅप्टरांत हा रोध जुळवलेला असतो आणि डीसीही अडवलेली असते. मुद्रण सुरू करून माइकच्या जाळीवर नखाने हलकेच खरवडावे आणि मग मोबाइलच्या पाठीवर खरवडावे. कोणता आवाज जवळचा ऐकू येतो यावरून खरा माइक कोणता चालू आहे ते लगेच समजते.

मिक्सरकडून आवाज घेताना

सभागृहात स्वतःचा माइक लावण्यापेक्षा ध्वनिकक्षातून आवाज मागून घेणे अनेकदा सोयीचे असते. बालगंधर्व रंगमंदिरात असो वा महाविद्यालयाच्या सभागृहात, मिक्सरवर एखादी मोकळी आउट असतेच. रेकॉर्डरला वेगळे लाइन इन असेल तर ते वापरावे आणि मिक्सरवाल्याला पातळी थोडी कमी ठेवायला सांगावे. माइकचेच छिद्र असेल तर मध्ये पॅड, म्हणजे पातळी उतरवणारी दोन रेझिस्टरांची जोडी, हवीच. संकेताच्या तारेत १० किलो-ओहम आणि त्यानंतर संकेत व जमीन यांच्यामध्ये १०० ओहम, एवढ्याने व्होल्ट जवळपास शंभराव्या हिश्श्यावर येतात, म्हणजे ४० डेसिबलची उतरण मिळते. बहुतेक कॅमेऱ्यांना ती पुरते. पुढे वर सांगितलेला कपॅसिटर घालायला विसरू नये. तपकीर गल्लीत केबल करून घ्यायची असेल तर हे दोन आकडे कागदावर लिहून न्यावेत, म्हणजे डाग देणाऱ्या कारागिराला अंदाज करावा लागत नाही.

मुद्रणाची पातळी हाताने ठरवावी. कॅमेऱ्यातली स्वयंचलित पातळी वक्ता थांबला की पंख्याचा आवाज वर काढते आणि टाळ्या पडल्या की पुढचे वाक्य दाबते. शास्त्रीय गायनात तर ती विलंबित आलाप आणि द्रुत तान यांतला सगळा चढउतार सपाट करून टाकते. शिखरे मीटरच्या शून्यापासून सुमारे १२ डेसिबल खाली राहतील असे बसवावे. ३२ बिट फ्लोट पद्धतीचे, म्हणजे फार लहान आणि फार मोठ्या पातळ्याही न कापता साठवणारे, नवे रेकॉर्डर यात बरीच मोकळीक देतात हे खरे आहे, परंतु छिद्रातून आत जाणारी पातळीच प्रवर्धकाच्या मर्यादेपलीकडची असेल तर तेही आवाज वाचवू शकत नाहीत.

घूं असा आवाज आणि अर्थिंग

सर्व काही बरोबर जोडूनही एक संथ, जाडसर ‘घूं’ ऐकू येते ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. मिक्सर एका बोर्डातून अर्थ घेतो, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या बोर्डातून, आणि ऑडिओ केबलची जाळी या दोन जमिनी जोडून एक वेटोळे पूर्ण करते. त्या वेटोळ्यात वाहणारा प्रवाह मुद्रणात उतरतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, आवाज लगेच गेला तर निदान झाले. कायमचा उपाय म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मर, किंवा डीआय बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्ट हे बटण, जे फक्त ऑडिओ केबलची जमीन तोडते.

येथे एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. घूं घालवण्यासाठी मिक्सरच्या किंवा अॅम्प्लिफायरच्या तीन-पिनी प्लगची अर्थची पिन काढणे किंवा तीनाचे दोन करणारा अडॅप्टर लावणे हा उपाय काही जण सर्रास सांगतात, आणि त्याने घूं जातेही. मात्र त्यानंतर आत कुठे तार सुटून यंत्राच्या पत्र्याला लागली, तर २३० व्होल्ट माइकच्या जाळीपर्यंत येऊन पोहोचतात, आणि ओठ माइकला टेकवून गाणारी व्यक्ती त्यांच्या वाटेत असते. पावसाळ्यात गणेशोत्सवाच्या मांडवात पायाखालची जमीन ओली असते, पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या वायरिंगमध्ये अर्थ कधी असतो तर कधी नुसताच सॉकेटपुरता असतो. माइकला हात किंवा ओठ लागताच झिणझिण्या आल्या तर कार्यक्रम त्या क्षणी थांबवावा, वीज बंद करावी आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मुद्रण आणि ध्वनिक्षेपणाची सर्व यंत्रे शक्यतो एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावरून चालवली तर झिणझिण्यांचा धोका आणि घूं हे दोन्ही प्रश्न मुळातच कमी होतात.

काय घ्यावे

वारंवार मुद्रण करणाऱ्याने कन्व्हर्टरांच्या वाटेला न जाता एक्सएलआरची सॉकेटे असलेला हातातला रेकॉर्डर घ्यावा, असे माझे मत आहे. झूम आणि टॅस्कॅम या कंपन्यांचे असे रेकॉर्डर पुण्यात विकत आणि भाड्यानेही मिळतात. त्यांत फॅन्टम, पॅड आणि बॅलन्स्ड जोडणी आतच असते. कॅमेऱ्यावर साधे मुद्रण संदर्भासाठी चालू ठेवावे आणि नंतर दोन्ही जुळवावेत. त्यासाठी सुरुवातीला चित्रीकरणाच्या चौकटीत एक टाळी वाजवली की पुरते. लॅपटॉपवर काम करायचे असेल तर यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपला देणारी पेटी, उत्तम. तो मोबाइललाही जोडता येतो, फक्त मोबाइलमधून मिळणारी वीज थोडी असते आणि ५ व्होल्टांवरून ४८ व्होल्ट तयार करायला ती कमी पडू शकते. तेव्हा स्वतंत्र पुरवठा घेणारा इंटरफेस किंवा हब वापरावा.

जोडण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी सर्व पातळ्या शून्यावर आणि फॅन्टम बंद, मग केबली, मग यंत्रे सुरू, त्यानंतर गरज असेल तरच फॅन्टम, आणि काही सेकंद थांबून हळूहळू पातळी वर. कार्यक्रम संपल्यावर उलट क्रमाने, फॅन्टम बंद करून निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावे आणि मगच माइक काढावा, कारण कपॅसिटरांत साठलेला भार उतरायला तेवढा वेळ लागतो. प्रेक्षक येण्यापूर्वी एखाद्या मिनिटाचे चाचणी-मुद्रण करून ते हेडफोनवर आणि मोबाइलच्या एकाच स्पीकरवर असे दोन्हीकडे ऐकावे. वाहिन्या उलट्या जुळल्या असतील तर ते स्पीकरवर कळते, घूं आणि खरखर हेडफोनवर, आणि दोन्ही दोष तेव्हा सापडले तर केबल बदलायला अजून वेळ असतो.